वाजविणाऱ्यांचें स्मरण

ता. १८ जुलै २०२२ रोजीं मुंबईस भूपिंदर सिंग निवर्तले. गायक म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु १९७३ सालच्या ‘यादों की बारात’ या बोलपटांतील ‘चुरा लिया है’ या गीतामागील गिटार त्यांची, हें किती श्रोत्यांस ठाऊक आहे? गाणाऱ्यास स्मरावें व वाजविणाऱ्यास विसरावें, हा आपला जुना प्रघात. आमच्या मतें तो न्याय्य नाहीं. साथीवांचून गीत पांगळें होय. यास्तव पनवेलच्या आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं येत्या स्नेहसंमेलनापासून एक नेम करावा: कार्यक्रमपत्रिकेंत गायकाच्या नांवाशेजारींच पेटी, तबला व गिटार वाजविणाऱ्या मुलामुलींचींही नांवें छापावींत. ज्याचें श्रेय त्यास जिवंतपणींच द्यावें. मृत्युलेखाची वाट पाहूं नये.