नोकरी निवडताना : वेतनापलीकडचे चार पाद

प्रतिवर्षी आंतरवासिता पूर्ण करून नवे वैद्य बाहेर पडतात. त्यांपैकी अनेकजण आपल्या सभासदांकडे सल्ल्यासाठी येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "पगार किती मिळेल?" हा प्रश्न गैर नाही. शिक्षणाचे कर्ज आणि घरची जबाबदारी कोणास चुकली आहे? परंतु केवळ त्या एका आकड्यावर निर्णय घेणे म्हणजे रुग्णपरीक्षण न करताच औषध देण्यासारखे होय, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. नोकरी पारखण्यासही हीच कसोटी उपयोगी पडते.

पहिला पाद वैद्य, म्हणजे स्वतः उमेदवार. वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानाच्या जोडीला दृष्टकर्मता, म्हणजे कर्म वारंवार पाहून आलेला अनुभव, गणला आहे. तो मुख्यतः पहिल्या काही वर्षांच्या नोकरीतच मिळतो. ॲलोपॅथिक रुग्णालयातील रात्रपाळीत तातडीच्या रुग्णांचा अनुभव मिळतो, हे खरे. परंतु ज्यास पुढे आयुर्वेदाचाच दवाखाना थाटावयाचा आहे, त्याने पाच वर्षे बस्तीची योजनाच केली नाही तर हात कसा बसणार?

दुसरा पाद द्रव्य. औषधयोजनेची मुभा वैद्यास आहे, की ठराविक औषधे ठराविक रकमेची खपवावयाची आहेत? वेतनाचा भाग विक्रीवर अवलंबून असेल, तर ते आधीच स्पष्ट करून घ्यावे.

तिसरा पाद उपस्थाता. पंचकर्म केंद्रात प्रशिक्षित परिचारक आणि स्त्रीरुग्णांसाठी परिचारिका आहेत का? गोव्यातील हॉटेलांशी संलग्न केंद्रांत पर्यटकांचा हंगाम सरल्यावर, पावसाळ्यात, वेतन चालू राहणार की नाही, हेही विचारावे.

चौथा पाद रुग्ण. रोज किती रुग्ण येतात, प्रत्येकास किती वेळ देता येतो, नोंदी नीट ठेवल्या जातात का, हे मुलाखतीत कळत नाही. मालकांच्या अनुमतीने अर्धा दिवस बाह्यरुग्ण विभागात बसून पाहावे. वेतनातून खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास वजा करून शिल्लक किती उरते, याचा हिशेबही त्याच दिवशी मांडावा.

आता आपल्या फार्मसीमालक सभासदांना अप्रिय वाटेल असे काही लिहिणे भाग आहे. औषधे नियम, १९४५ अन्वये आयुर्वेदीय औषधांची निर्मिती सक्षम, पूर्णवेळ तांत्रिक कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली होणे आवश्यक आहे. तरीही 'महिन्यातून एकदा येऊन सह्या करा' असे प्रस्ताव तरुणांपुढे येतात. थोड्या श्रमात रक्कम मिळते, म्हणून ते स्वीकारलेही जातात. ज्या घाणीची वनस्पती आपण पाहिली नाही, तिच्या नोंदवहीवर सही करणारा वैद्य उद्या चौकशी झाल्यास काय उत्तर देणार? सदोष घाणी थांबविण्याचा अधिकार मला असेल का, हा एकच प्रश्न उमेदवाराने विचारावा. उत्तर टाळले गेले, तर ती नोकरी नव्हे. ते नाव भाड्याने देणे होय.

सर्व अटी लेखी घ्याव्यात. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, स्वाधीन करू नयेत. नोकरी सोडल्यावर त्याच गावात व्यवसाय करणार नाही, असे काही ठिकाणी लिहून घेतले जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार, व्यवसायाच्या नावलौकिकाच्या विक्रीचा अपवाद वगळता, त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. आपल्या पाठांची गोपनीयता मागणे मात्र वेगळे आणि रास्तच आहे.

वेतन पुढे वाढू शकते. पण न पाहिलेले कर्म आणि न वाचता केलेली सही यांची भरपाई होत नाही. तरुणांनी हे लक्षात ठेवावे, आणि त्यांना असे प्रश्न निर्भयपणे विचारता येतील असे वातावरण आपण ज्येष्ठांनी निर्माण करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.