सहल मोडली तरी आभार मोडू नका

आंबिवली, मोहोने, अटाळी आणि टिटवाळ्याच्या वाचकांनो,

मुलाबाळांच्या नोकऱ्यांमुळे आता आपल्या भागातलीही पुष्कळ माणसं दुबई, सिंगापूर, युरोप बघून येतात. कुणी नातवंडासाठी जातं, कुणी ग्रुप टूरने. त्यातल्या एखाद्याची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायरी चुकते. घोटा मुरगळतो, मनगटाला प्लास्टर लागतं. जिवाला धोका नसतो, पण सहल तिथेच थांबते. अशा वेळी मन कडू होऊ न देता कसं राहावं, याबद्दल मला कळकळीने काही सांगायचं आहे.

वाईट वाटणारच, ते वाटू द्या. मोहोन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकून राहिली. अशा वस्तीत परदेशवारीचे पैसे कसे साठतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ज्याला लागलंय त्याला 'एवढंसंच तर आहे' म्हणून गप्प करू नका. कृतज्ञ राहायचं म्हणजे दुखणं लपवायचं असं नाही. आलेली मदत मोकळ्या मनाने घ्यायची, ती कुणी दिली हे लक्षात ठेवायचं आणि जमेल तेव्हा ती पुढे द्यायची, एवढाच कृतज्ञतेचा अर्थ आहे.

सगळ्यात आधी उपचार. 'थोडक्यात निभावलं' म्हणून देवाला हात जोडा, पण डॉक्टर टाळू नका. ताज्या सुजेवर तेल चोळू नका, शेकू नका. पायाला विश्रांती द्या, कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा. युरोपात मदतीसाठी ११२, अमिरातीत अँब्युलन्ससाठी ९९८, सिंगापुरात ९९५, अमेरिकेत ९११ हे नंबर निघण्यापूर्वीच कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

खर्चाच्या भीतीने आपली माणसं दुखणं अंगावर काढतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. म्हणजे हप्ता भरलेला असतो, कागद बॅगेत असतो, तो बाहेर काढायचाच संकोच होतो. विमा कंपनीला लगेच फोन करा आणि दवाखान्याची प्रत्येक पावती जपा. प्लास्टर नवं असेल तर विमानात सूज वाढून ते आवळू शकतं. म्हणून बऱ्याच विमान कंपन्या एक-दोन दिवस थांबायला किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यायला सांगतात. हे आधी विचारा आणि व्हीलचेअरसाठीही आधीच कळवा. ती मागण्यात कमीपणा नाही.

उपचार झाले की मनात पहिली बोच येते ती सोबतच्यांची. 'माझ्यामुळे सगळ्यांची सहल बिघडली' असं आपण दिवसभर म्हणत राहतो, आणि समजूत घालून घालून बिचारे सोबतीच थकतात. एकदा म्हणा, मग थांबा. त्याऐवजी जो औषध आणतो त्याला 'तू होतास म्हणून बरं झालं' म्हणा. एकजण जवळ राहील अशी पाळी लावा आणि बाकीच्यांना आग्रहाने फिरायला पाठवा. ते परतले की काय पाहिलं ते सविस्तर विचारा आणि मनापासून ऐका. आपल्याही वाट्याला काही उरलेलं असतं. पॅरिसच्या लूव्रसारखी मोठी संग्रहालयं व्हीलचेअर फुकट वापरायला देतात. तेवढंही झेपत नसेल तर बाकावर बसून त्या गावची शाळा सुटताना बघा, बाजार भरताना बघा. बसने फिरणाऱ्याला एवढी सवड कुठे मिळते?

आता परदेशात आपल्या मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल. त्याआधी आपल्याच एका माणसाची गोष्ट. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. भाषा परकी, माणसं परकी, युद्ध चालू. तिथल्या जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच त्यांचा अंत झाला. ते गेल्यावर कित्येक दशकांनीही चीनचे नेते भारतभेटीत कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत राहिले. दोन देशांत युद्ध झालं, संबंध ताणले गेले, तरी ही आठवण पुसली गेली नाही. आपल्या एका माणसाचं ऋण दुसऱ्या देशाने इतकं जपलं. मग परक्या गावात आपला घोटा बांधणारी नर्स, टॅक्सीचं दार धरून उभा राहिलेला ड्रायव्हर, रस्त्यात खुर्ची आणून देणारा दुकानदार यांना आपण विसरावं का? शक्य असेल तर नाव विचारून घ्या. त्यांच्या भाषेत आभाराचा शब्द शिका. दवाखान्याला चार ओळींचं पत्र पाठवा. जपानमध्ये टीप देण्याची रीत नाही, तिथे किंचित झुकून मानलेले आभार पुरतात.

आणि घरी आल्यावर 'लाखो रुपये पाण्यात गेले' एवढंच सांगत बसू नका. कुणी कुणी सांभाळलं, तेही सांगा. नातवंडं ते ऐकत असतात.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. पंधरा दिवस लंगडल्यावर कळतं की स्टेशनचा जिना किती उंच आहे. काहींना तो जन्मभर तसाच चढायचा असतो. तेव्हा बरे झालात की कल्याणकडे जाताना गर्दी कितीही असो, दिव्यांगांच्या डब्यात चढू नका, आणि चढणाऱ्या धडधाकट ओळखीच्याला नम्रपणे अडवा. पुलावर कुणी कठड्याला धरून उभं असेल तर 'हात देऊ का?' एवढं विचारा. लोकलमध्ये पायाला पट्टी बांधलेलं कुणी दिसलं तर न मागता उठून जागा द्या. परदेशात ज्यांनी आपल्याला आधार दिला त्यांच्या उपकारांची परतफेड त्यांच्यापर्यंत जाऊन करणं बहुतेकांना जमणार नाही. ती आंबिवलीच्या फलाटावर रोज करता येते. ती करा.