लेसरने चष्मा जातो, पण आधी काय विचारायचे?

अमेरिकेतील एफडीए या औषध नियामक संस्थेने जुलै २०२२ मध्ये लॅसिक शस्त्रक्रियेबाबत एक मसुदा जाहीर केला. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला काय सांगितले गेलेच पाहिजे, हे त्यात होते: डोळे कोरडे पडणे, रात्री गाडी चालवताना त्रास होणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, क्वचित दीर्घकाळ राहणारी वेदना, आणि एवढे करूनही चष्मा लागू शकतो ही शक्यता. रुग्णाने वाचून सही करायची एक यादीही त्यात सुचवली होती. तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी यावर जोरदार आक्षेप घेतला. धोक्यांवरच सगळा भर आहे, लोक विनाकारण घाबरतील, असे त्यांचे म्हणणे होते.

मला यात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते, आणि त्याचे कारण एफडीएच्याच आकड्यांत आहे. या संस्थेने २००९ मध्ये इतर सरकारी संस्थांबरोबर एक प्रकल्प सुरू केला. त्यात नौदलातील २६२ आणि ३१२ सामान्य नागरिकांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर प्रश्नावली भरायला दिली. दृष्टीबाबत समाधानी असणारे ९५ टक्क्यांहून जास्त निघाले. पण आधी कोणतेही दृष्टिदोषाचे लक्षण नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एखादे तरी नवे लक्षण जाणवत होते. बहुतेकांना दिव्याभोवती वलय दिसे. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो सुरू झाला होता. या दृष्टीच्या लक्षणांमुळे रोजची कामे फार अवघड झाली असे म्हणणारे १ टक्क्याहून कमी होते.

म्हणजे बहुतेक लोक खूश असतात आणि तरीही त्यातल्या अनेकांना काही ना काही जाणवते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. याच अभ्यासातले आणखी एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोकांनी आपला त्रास कागदावर जितका लिहिला, त्याच्या निम्म्यानेही डॉक्टरांना तोंडी सांगितला नाही. आपल्याकडे तर ‘एवढे पैसे भरलेत, आता काय तक्रार करायची’ असा संकोच अजून जास्त असतो.

मी नेत्रतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारी मुले-मुली बहुधा सगळे ठरवूनच आलेली असतात. लग्न ठरलेले असते किंवा भरतीची जाहिरात आलेली असते, आणि केंद्राची ‘ऑफर’ महिनाअखेरपर्यंतच असते. अशा घाईत जे विचारायचे राहते ते येथे सांगतो.

लेसर चष्म्याचा नंबर घालवतो म्हणजे कॉर्नियाचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलतो. हा पडदा मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि नंबर जितका मोठा तितका तो जास्त घासावा लागतो. घासलेला भाग परत भरून येत नाही. म्हणून जाडी आणि आकार मोजणारी तपासणी हाच खरा निर्णयाचा क्षण. कॉर्निया पातळ असेल किंवा शंकूसारखा पुढे येत असेल, तर चांगला सर्जन ‘नको’ म्हणतो. असा नकार मिळाला तर दुसरीकडे ‘हो’ म्हणणारा शोधत फिरू नका. लहानपणापासून अ‍ॅलर्जीने डोळे चोळण्याची सवय असेल तर ते आवर्जून सांगा. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या तेही विचारा, नाहीतर मोजमाप चुकते.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. त्यांनी डोळे कोरडे पडतात, आणि डोळ्यांशी त्यांचा काही संबंध असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. गरोदरपण, अंगावर पाजणे, ताब्यात नसलेला मधुमेह, संधिवात हेही लपवू नका. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. अठरा पूर्ण झाले म्हणजे नंबर थांबला असे नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया छोटी असते: सुन्न करणारे थेंब, काही मिनिटे दिव्याकडे पाहणे, त्याच दिवशी घरी. लॅसिकमध्ये पापुद्रा उचलून लेसर देतात, स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतली चकती काढतात. या दोन्हींत दृष्टी लवकर येते. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, पण तीन-चार दिवस चांगलेच दुखते आणि दृष्टी स्थिरावायला आठवडे लागतात. महाग ते सर्वांसाठी चांगले, असे नाही.

नंतर दुखणे किंवा लाली वाढत गेली, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. औषधाच्या दुकानातून थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब तर सांगितलेल्या तारखेच्या पुढे मनाने अजिबात चालू ठेवू नका, डोळ्यातला दाब वाढतो. रात्री दुचाकीवरून महामार्गाने जाणाऱ्यांनी पहिले काही आठवडे जपावे. समोरच्या दिव्यांभोवतीची वलये बहुतेकांची हळूहळू कमी होतात.

सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर भरतीचे निकष आधी वाचा. त्यांत वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली शस्त्रक्रिया चालत नाही आणि नंतर किमान बारा महिने जावे लागतात. उरलेली जाडी व डोळ्याची लांबीही पाहतात. घाईने केलेले लेसरच मुलाला अपात्र ठरवू शकते. विम्याचेही तसेच: ७.५ पेक्षा कमी नंबरसाठीचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.

चाळिशीच्या आसपास असलेल्यांसाठी वेगळा हिशेब आहे. उणे दोनचा नंबर असलेली व्यक्ती चष्मा काढून वर्तमानपत्र सहज वाचते. लेसरनंतर लांबचे स्वच्छ दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. चाळिशी डोळ्याच्या आतल्या भिंगाची असते, या लेसरने ती थांबत नाही.

आणि चष्मा गेला तरी मोठ्या उणे नंबराचा डोळा आतून तसाच लांबट राहतो. त्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, धोका कायम असतो. अचानक काळे ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे झाले तर वाट पाहू नका. शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. साठीत मोतीबिंदू काढताना आतल्या भिंगाचा नंबर ठरवायला ते लागतात, आणि लेसरनंतर काचबिंदूच्या तपासणीत दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो, हेही डॉक्टरांना सांगावे लागते. मोबाइलमध्ये फोटो काढा, पण मूळ कागदही ठेवा. तोपर्यंत मोबाइल दहा वेळा बदललेला असेल.