कॅमेऱ्यामागें आपलें कोण?

गांवांत मोटारी आल्या, मोठाले दिवे आले, मुंबईची मंडळी आली कीं आमचा वाईकर शेतकरी हातचें काम टाकून घाटावर धांवतो. त्याचा बैल पडद्यावर दिसतो, त्याची गाडी दिसते, त्याच्या पोराचें तोंड गर्दींत क्षणभर दिसतें. संध्याकाळीं रोज हातीं पडतो आणि तो खुशींत घरीं येतो. पण ज्याच्या हुकुमानें ती गर्दी उठते नि बसते, जो कॅमेऱ्याला डोळा लावतो, जो गोष्ट रचतो, तो आमच्या आळींतला कां नाहीं, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. तो पडावा म्हणून आम्ही आज लेखणी उचलली आहे.

वाईनें आजवर किती सोंगें घेतलीं तें पाहा. २००३ सालच्या 'गंगाजल'मध्यें ती बिहारांतलें तेजपूर झाली. २००४ सालच्या 'स्वदेस'मध्यें शेजारची मेणवली उत्तरेकडचें चरणपूर झाली. २०१० सालच्या 'दबंग'मध्यें वाई उत्तर प्रदेशांतलें लालगंज झाली. २०१३ सालच्या 'चेन्नई एक्सप्रेस'मध्यें तर ती तामीळ मुलखांतलें खेडें होऊन बसली. घाट आमचा, वाडे आमचे, माणसें आमचीं. पण या चारांपैकीं एकांतहि वाई वाई म्हणून उभी राहिली नाहीं. यांत त्या मंडळींचा दोष आम्ही काढीत नाहीं. त्यांना जागा हवी होती, त्यांनीं ती घेतली, दाम मोजला आणि ते गेले. दोष असेल तर आमचा आहे. आम्ही जागा देण्यास शिकलों, गोष्ट सांगण्याचें शिकलों नाहीं.

आतां कोणी शहाणा म्हणेल, "अहो, ही कला आहे, ती रक्तांत असावी लागते, ती शिकून का येते?" बंधूंनो, हें वाक्य आपल्या ओळखीचें आहे. वेदांबद्दल हेंच सांगितलें गेलें, लिहिण्यावाचण्याबद्दल हेंच सांगितलें गेलें. वाईला दक्षिण काशी म्हणतात. येथें पिढ्यान् पिढ्या शास्त्रें घोकलीं गेलीं; पण कुणब्याच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या पोरानें त्या ओसरीची पायरी चढावयाची नव्हती. तो काळ गेला. आज याच वाईंत मराठी विश्वकोशाचें कार्यालय आहे आणि तो कोश कोणाच्याहि पोरानें उघडून वाचावा. विद्या रक्तांत नसते, ती दारांत असते. दार उघडें आहे कीं बंद, एवढाच प्रश्न.

चित्रपटाचेंच पाहा. दादासाहेब फाळके हे या धंद्याचे आद्य पुरुष. तेहि आईच्या पोटांतून कॅमेरा घेऊन आले नव्हते. ते मुंबईच्या कलाशाळेंत शिकले, बडोद्याच्या कलाभवनांत शिकले आणि १९१२ सालीं लंडनला जाऊन तेथल्या चित्रपट करणाऱ्याच्या कारखान्यांत बारकावे पाहून आले. मग १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर मेस्त्री घराण्यांतले, हत्यारांत वाढलेले कारागीर. भाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनीं कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांना हाताशीं घेऊन तो कॅमेरा पुरा केला. विलायती यंत्र परवडेना म्हणून मेस्त्र्याच्या पोरानें तें घरीं घडविलें!

आणि कॅमेरा कारागिराच्या हातीं आल्यावर त्यानें काय दाखविलें? १९२५ सालीं त्यांनीं 'सावकारी पाश' काढला. सावकारानें नाडलेला शेतकरी, त्याची गेलेली जमीन, गिरणीच्या दारांत जाऊन पडलेला त्याचा देह, हें त्यांनीं पडद्यावर आणलें. ज्या दिवसांत पडद्यावर देवदेवता आणि राजेरजवाडेच नांदत होते, त्या दिवसांत हें घडलें. कॅमेऱ्यामागें कोण उभा आहे यानें कॅमेऱ्यापुढें काय येतें तें ठरतें. आमच्या साऱ्या म्हणण्याचें सार एवढेंच आहे.

उलट बाजूहि पाहा. ज्यांचें मूळ गांव आपल्याच जिल्ह्यांतलें कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. अडाणी शेतकऱ्याला शिक्षणच कसें सोडवील, हा त्याचा विषय. तें दक्षिणा प्राइज कमिटीपुढें गेलें आणि नामंजूर होऊन परत आलें. छापून निघण्यास त्याला शंभरावर वर्षें लागलीं. पारख करणारे आपले नसले म्हणजे आपली गोष्ट पेटींत पडून राहते.

आतां दार कोठें आहे तें सांगतों. बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. तिच्याच आवारांत केंद्र सरकारनें १९६० सालीं चित्रपट शिकविणारी संस्था उभी केली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. २०२५ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे जेथें आज परीक्षा देऊन शिरावें लागतें, तें आवार कोल्हापूरच्या कारखान्यांत हात काळे केलेल्या माणसांनीं कमावलेलें आहे. वाईहून तें नव्वदएक किलोमीटर. एस.टी.नें सकाळीं निघालेला मुलगा दुपारच्या आंत दाराशीं उभा राहील. तरी आपलीं किती पोरें तेथें अर्ज करतात?

पुष्कळांना वाटतें, तेथें नट होण्यासाठींच जावयाचें. तसें नाहीं. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनि, कलादिग्दर्शन अशा निरनिराळ्या शाखा आहेत. छायाचित्रण म्हणजे उजेडाची शेती. संकलन म्हणजे शिंप्याचें बेतणें, कोठें कापावें नि कोठें जोडावें. कलादिग्दर्शन म्हणजे सुतार, गवंडी, रंगारी यांच्या हातचें काम. हे धंदे आपल्या घरांत पिढीजात आहेत. फक्त त्यांना पदवीचा शिक्का नाहीं. मुख्य शाखांस कोणत्याहि विषयाची पदवी चालते. किसन वीर महाविद्यालयांतून इतिहासाची पदवी घेतलेला मुलगा दिग्दर्शनाला अर्ज करूं शकतो. ध्वनि शाखेस बारावीला पदार्थविज्ञान असावें लागतें, कलादिग्दर्शनास चित्रकला किंवा वास्तुकलेसारखें शिक्षण लागतें. तेव्हां दहावीनंतरच विचार करावा. लेखी परीक्षा होते, मग मुलाखत. एकेका शाखेंत दहा-बारा जागा, आणि उमेदवार साऱ्या देशांतून येतात. राखीव जागा आहेत, पण त्यासाठीं जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यांतला लागतो. तहसील कचेरींत आयत्या वेळीं धांवून तो मिळत नाहीं. नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात नीट वाचावी.

परीक्षेंत पुस्तकी पाठांतर फार चालत नाहीं. तुम्ही काय पाहिलेंत, काय वाचलेंत, कसें सांगतां, हें तेथें विचारतात. मग बावधनच्या बगाडाचा दोर ओढलेल्या पोरानें कां भ्यावें? हळद शिजवितांना उठणारा वाफारा, बाजारच्या दिवशीं दलालाच्या दारांत बापाचें उतरलेलें तोंड, हें त्यानें पाहिलें आहे. मुंबईच्या पोराला हें लाख रुपये देऊनहि मिळणार नाहीं. मात्र पाहिलेलें मांडावयास शिकलें पाहिजे. रोज एक पान लिहावें, ग्रंथालयांत जावें, चांगले चित्रपट पुन्हां पुन्हां पाहून हें असें कां केलें, तें स्वतःस विचारावें.

पुराव्याला माणूस हवा असेल तर करमाळा तालुक्यांतल्या जेऊरचे नागराज मंजुळे घ्या. दगड फोडणाऱ्या वडार समाजांत त्यांचा जन्म. त्यांनीं नगरच्या महाविद्यालयांत संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला. तेथें शिकत असतां, अभ्यासाचाच भाग म्हणून, शाळेसाठीं तळमळणाऱ्या पोराचा 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनीं केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढें २०१३ सालीं 'फँड्री', २०१६ सालीं 'सैराट'. जेऊर आमच्याहून श्रीमंत नाहीं. तेथल्या पोराला जें साधलें तें वाईच्या पोराला साधूं नये, असा कांहीं देवाचा हुकूम नाहीं.

पण दोन गोष्टी बजावून सांगतों. पहिली घरच्या माणसांना. गल्लोगल्लीं चित्रपट शिकविणारीं दुकानें निघालीं आहेत. तीन महिन्यांत दिग्दर्शक करून देतों म्हणतात आणि लाखांनीं फी मागतात. त्यांच्या नादीं लागून रान गहाण टाकूं नका. 'सावकारी पाश' पाहण्यासाठीं काढला होता, पुन्हां गळ्यांत अडकवून घेण्यासाठीं नव्हे. आणि पदवी मिळाली म्हणजे पगार मिळाला, असेंहि समजूं नका; हा धंदा बेभरंवशाचा आहे, पण पावसावर शेती करणाऱ्यास बेभरंवशाचें भय कोणी घालावें? मुलगी जाऊं म्हणाली तर तिला अडवूं नका. फाळक्यांच्या सरस्वतीबाई फिल्मला छिद्रें पाडीत, ती धूत. त्यांच्या हातांवांचून पहिला चित्रपट निघाला नसता.

दुसरी गोष्ट सरकारला. सरकारी संस्था गरिबाच्या पोरासाठीं आहे कीं पैसेवाल्याच्या? दरसाल शेंकडा १० प्रमाणें वाढणारी फी आणि प्रवेशपरीक्षेचा वाढता खर्च यांविरुद्ध २०१९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या या संस्थेंतले विद्यार्थी उपोषणास बसले होते. शिकावयास आलेल्या पोरांवर उपाशी बसण्याची पाळी यावी, ही शोभेची गोष्ट नव्हे. दार उघडें ठेवून उंबरठा छातीइतका उंच बांधला तर तें दार बंदच म्हणावयाचें. शेतकऱ्याच्या नि कारागिराच्या पोराला परीक्षेची फी माफ व्हावी, शिक्षणाला पुरेल एवढी शिष्यवृत्ति मिळावी आणि तयारीचे वर्ग जिल्ह्याच्या गांवीं मराठींतून चालावे, ही आमची मागणी आहे.

आणि सरकारनें ऐकेपर्यंत आपण हात जोडून बसावयाचें काय? कर्मवीर भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां त्यांनीं सरकारची वाट पाहिली नाहीं; मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहें चालविलीं. आपल्या तालुक्यांत कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, यात्रांच्या वर्गण्या आहेत. यात्रेच्या एका रात्रीच्या आतषबाजींतले पैसे बाजूला काढले तर दरसाल एक मुलगा नि एक मुलगी परीक्षेस बसतील.

पुढच्या खेपेस घाटावर मोटारी येतील तेव्हां आमच्या पोरांनीं गर्दींत जरूर उभें राहावें. रोज कोणाला नको आहे? पण त्यांतल्या एकानें तरी कॅमेरावाल्याशेजारीं जाऊन विचारावें, "साहेब, हें कोठें शिकलांत?" ज्या दिवशीं तो पोर हें विचारील त्या दिवशीं वाईचें सोंग उतरूं लागेल.