आधी ओल काढा, मग रंग

गेल्या पावसाळ्यात आमच्या अम्मी फजरसाठी वजू करून पडवीतून आत येत होत्या. उंबरठा ओलांडताना त्यांनी नेहमीप्रमाणे चौकटीला हात टेकला आणि चौकटच हलली. त्या पडल्या नाहीत, अल्लाहचा शुक्र. पण त्या दिवसापासून त्या दाराशी आल्या की थबकू लागल्या.

आमचे घर कोकणातले, जांभ्या दगडाचे, कौलारू. पडवीतली ओल आम्हाला नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी पोपडे खरवडून सिमेंटचा गिलावा केला, वर ओल थांबवणारा महागडा रंग लावला. एकाच पावसात रंगाला फुगे आले. तो खर्च म्हणजे निव्वळ इस्राफ झाला.

या वेळी एका जुन्या गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी भिंतीआधी अंगण पाहिले. अंगणात ब्लॉक बसवताना उतार घराकडे झाला होता. पन्हळ फुटल्याने कौलांचे पाणीही थेट जोत्यापाशी पडत होते. जांभा पाणी शोषतो. ते सुकून बाहेर पडायला वाट लागते आणि सिमेंटने आम्ही तीच बंद केली होती. ओल आतल्या आत वर चढली आणि चौकटीच्या लाकडात शिरली.

घर वडिलांच्या पश्चात आम्हा सर्व भावंडांचे. म्हणून काम काढण्याआधी बहिणींनाही विचारले. हिस्सा त्यांचाही आहे, विचारणे हा त्यांचा हक्क आहे.

मग काम क्रमाने केले. पन्हळ बदलली, अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला काढला. ते पाणी शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊ नये म्हणून गटारापर्यंत चर खणला. पाऊस संपल्यावर खालचा सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी ठेवली. ती सुकायला काही महिने लागले. तेवढा सब्र हवाच. नंतर एक भाग चुना आणि तीन भाग वाळूचा गिलावा केला, आठवडाभर पाणी मारून ओला ठेवला आणि वर चुन्याचीच सफेदी दिली.

चौकट बदलावी लागेल असे वाटले होते. सुताराने पेचकस टोचून पाहिले. फक्त तळाचे वीतभर लाकूड मऊ झाले होते, वरचा साग टणक होता. त्याने आधी वरच्या भिंतीला टेकू दिला, कुजका भाग कापला आणि सुकलेल्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधला. पाय मातीत न ठेवता काळ्या दगडावर टेकवला. गंजलेल्या लोखंडी पट्ट्या काढून प्रत्येक बाजूला ३ नव्या पट्ट्या भिंतीत पक्क्या केल्या.

तुमच्या घरीही जमीन ओली दिसत असेल, तर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास ठेवा. कागदाखाली थेंब जमले तर ओल जमिनीतून येते, वर जमले तर हवेतली आहे. चौकट हलत असेल तर नुसते सिमेंट भरू नका. आधी तिचा पाय तपासा. ईद जवळ आली की आपण रंगाचे डबे आणायला धावतो. त्याआधी एकदा पन्हळ आणि अंगणाचा उतार पाहून घ्या.

अम्मी आता पुन्हा चौकटीला हात टेकून आत येतात. अल्हम्दुलिल्लाह, थबकत नाहीत.