समुद्राचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाची पारख करायची असेल, तर तो काय काय बरोबर नेतो हे पाहू नये. त्याच्या यादीत सर्वांत शेवटी काय लिहिले आहे तेवढे पाहावे. देव पहिल्या फेरीत जातात. सोनेनाणे गृहिणीच्या पिशवीत जाते. लोणच्याची बरणी आजीच्या मांडीवर बसून जाते, आणि टीव्हीला तर दोन गाद्यांत गुंडाळून, आजाऱ्याला न्यावे तसे नेतात. हे सारे रवाना झाल्यावर, पंखे उतरवलेल्या रिकाम्या दिवाणखान्यात कुणाला तरी आठवते, ‘अरे, पण माशांचे काय?’ या प्रश्नाला आपल्या घरांतून एक ठरलेले उत्तर आहे : ‘मासेच ते! घाला बादलीत. दोन दिवसांचा तर प्रश्न!’

वाचकहो, मला आज भांडायचे आहे ते या एका वाक्याशी.

सणाच्या दिवसांत हा कसला विषय काढला, असे कुणी म्हणेल. पण विषय सणाचाच आहे. मुंबई-ठाण्याकडे घर बदलणे हा आता प्रसंग राहिलेला नाही, तो एक ऋतू झाला आहे. जुन्या इमारती पडतात. माणसे दोनचार वर्षे भाड्याच्या जागेत काढतात आणि पुन्हा नव्या जागेत येतात. म्हणजे एका घरामागे दोनदा बिऱ्हाड हलते, आणि त्यांतले एक तरी दसरा-पाडव्याचा मुहूर्त गाठते. याच घरांतून अलीकडे खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या आल्या आहेत. २००३ साली नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या माशाचा तो अमेरिकन चित्रपट आला, आणि मुलांनी हट्ट धरला. बापाने पेटी आणली, मीठ आणले, खडक आणले, निळा दिवा लावला. हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे. पण हौसेला जबाबदारीही नसते, असे कुणी ठरवले?

खाऱ्या पाण्याची पेटी म्हणजे मीठ घातलेली गोड्या पाण्याची पेटी, अशी पुष्कळांची समजूत असते. तशी ती नव्हे. तो समुद्राचा एक तुकडा आहे, आणि तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो. मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच आपली घाण टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया एकसारखा बाहेर पडत असतो. समुद्र अफाट, त्यात तो विरून जातो. पेटीत हे काम कोण करते? खडकांच्या भोकाभोकांतून आणि वाळूत वस्ती करून राहिलेले जिवाणू. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि मासा जगतो. नव्या पेटीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय खारे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा त्यात अधिक विषारी ठरतो. आता त्या माशाला खडकावाचून, पंपावाचून, नुसत्या बादलीत सोडा. ज्या खोलीला खिडकी नाही आणि मोरी नाही, अशा खोलीत माणसाला कोंडून बाहेरून सांगावे, ‘दोन दिवसांचा तर प्रश्न’, त्यातलाच हा प्रकार!

आणि दोन दिवस ते कुठले? बिऱ्हाड हलवलेल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. गॅसवाला उद्या येतो म्हणतो आणि चौथ्या दिवशी येतो. लिफ्टमधून सामान न्यायला सोसायटीची परवानगी नसते. रंगाऱ्याचा एक हात राहिलेला असतो. काचपेटी ठेवायची ती भिंत अजून ओली असते. दोन दिवसांचे आठ होतात, आठाचे पंधरा. ‘तात्पुरते’ हा आपल्या भाषेतला सर्वांत फसवा शब्द आहे. या शहरातल्या संक्रमण शिबिरांना विचारा! तिथे तात्पुरती म्हणून गेलेली माणसे म्हातारी झाली. आपल्याला तात्पुरत्या म्हणून दिलेल्या जागेत पाणी येत नाही, वारा येत नाही, म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. मग आपल्याच घरातल्या जिवाला तात्पुरती जागा देताना आपण त्या बिल्डरहून वेगळे कसे वागतो, हे आरशात पाहून एकदा सांगावे.

अज्ञानाचे दुसरे रूप याहून गमतीचे आहे. काही मंडळी जुने पाणी देवाच्या तीर्थासारखे जपतात. पिंपेच्या पिंपे भरून चार मजले उतरवतात, आणि खडक मात्र ‘स्वच्छ होऊ देत’ म्हणून गच्चीवर उन्हात वाळत घालतात. जीव सारा त्या खडकात होता! तो वाळला की जिवाणूंची वस्ती मेली, खडकातले किडेमाकोडे मेले, आणि नव्या घरी पाण्यात पडल्यावर ते सडून त्यांनी उरलेल्यांनाही नेले. वाळूचे उलटे. जुनी वाळू तशीच्या तशी ओतली, तर तिच्या पोटात वर्षानुवर्षे साठलेला मळ एकदम वर येतो. ती खाऱ्या पाण्यात धुऊन घ्यावी, नाहीतर बदलावी. खडक मात्र प्रवासभर बुडलेला, निदान ओला राहिला पाहिजे. आणि भरलेली पेटी कुणीही उचलू नये. पाणी लिटरला किलोहून थोडे अधिकच भरते. तीनशे लिटरांची पेटी म्हणजे तीनशे किलोंवर वजन, आणि ते पेलायला काचेचे चार सांधे!

मग करावे काय? ज्याला टीका करायची आहे त्याने उपायही सांगावा, असा आमच्या शाळेतला नियम आहे.

उपाय सोपा आहे. फक्त तो आठवडाभर आधी सुरू करावा लागतो. अन्नासाठी चालतो तसल्या प्लॅस्टिकचा मोठा टब घ्यावा. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मानाने कालवावे, आणि पंप लावून एक दिवस तरी फिरते ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते; ते तसेच वापरू नये. चौपाटीवरून डबा भरून आणण्याचे पराक्रमही करू नयेत. शहराची गटारे कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. टबात जुने खडक ठेवावेत, पाणी ढवळणारा पंप ठेवावा, उष्णता २४ ते २७ अंशांत राखावी आणि वर जाळी घालावी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. लपायला नळीचे चार तुकडे टाकावेत. भांडखोर मासा वेगळा ठेवावा. खायला बेताचे घालावे. अमोनिया रोज तपासावा, आणि दिसला की पाणी बदलावे. टबातले पाणी आटले तर भर गोड्या पाण्याची घालावी. पाणी उडते, मीठ उडत नाही. एवढी साधी गोष्ट सातवीच्या मुलाला कळते, आणि तिच्यावाचून टबच्या टब मेलेले आहेत. प्रवासात थर्माकोलची पेटी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असावा. प्रवाळ एकमेकांपासून लांब ठेवावे. ती मंडळी शेजारधर्म पाळत नाहीत, शेजाऱ्याला डंख मारतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, आणि ते उजेडावर अन्न शिजवते. म्हणून त्यांना एकदोन दिवस अंधार चालेल, पंधरा दिवस चालणार नाही. जुन्या घरातली पेटी सर्वांत शेवटी उतरवावी आणि नव्या घरात सर्वांत आधी लावावी. दूध मग उतू घालावे.

याहून चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या हौशी माणसाची चालू पेटी. तिथे जिवाणूंची वस्ती आयती असते. पाहुणा बेताच्या संख्येने पाठवावा, निरोगी पाठवावा, आणि यजमानाला त्याचा स्वभाव आधी सांगून पाठवावा. आपण गावाला जाताना तुळशीला पाणी घालायला शेजारणीला किल्ली देतोच की!

काही जण मात्र या कटकटीतून भक्तिमार्गाने सुटका करून घेतात. ‘समुद्राचे होते, समुद्राला दिले’, असे म्हणून ते किनाऱ्यावर पिशवी रिकामी करतात आणि विसर्जनाचे पुण्य घेऊन परततात. यासारखे ढोंग नाही. इंडोनेशियाच्या स्वच्छ प्रवाळखडकांवर वाढलेला जीव मुंबईच्या गढूळ पाण्यात मरतो. आणि दैवयोगाने असा परका जीव एखाद्या किनाऱ्यावर जगला, तर त्याहून वाईट. भारतीय-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम दिसला. तो घरगुती पेट्यांतूनच सुटला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आज अटलांटिकच्या त्या भागात आणि कॅरिबियन समुद्रात तो तिथले लहान मासे फस्त करीत आहे. कुणाच्या तरी घरची एक अडचण टळली, आणि दोन समुद्रांना एक रोग जडला.

ज्यांना माशाच्या जिवाची पर्वा वाटत नाही, त्यांनी निदान आपल्या मुलांच्या जिवाची करावी. पेटीतल्या खडकांवर झोअँथिड नावाचे फुलांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ पुष्कळदा असते. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. घर हलवताना खडक गरम पाण्याने घासला, उकळला, की ते वाफेतून हवेत येते. २०१८ मध्ये इंग्लंडातील ऑक्सफर्डशायरमध्ये एका कुटुंबाने पेटीतले प्रवाळ साफ केले, आणि घरातली माणसे व मदतीला धावलेले अग्निशामक जवान यांना इस्पितळात न्यावे लागले. तेव्हा ‘काढा ते दगड आणि घासा खसाखसा’ ही आज्ञा मोलकरणीला देण्यापूर्वी मालकाने थोडे वाचावे. हातमोजे तरी तिला द्यावेत.

आता थोडे कायद्याबद्दल. आपल्या समुद्रातील सर्व खडकाळ प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ साली १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्या अनुसूचीतल्या जिवांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. दुकानदार हे सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. २०२० मध्ये मुंबईच्या किनारा-मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथल्या मूठभर प्रवाळांना दुसरीकडे हलवायचे होते. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ लागले. कोट्यवधींचा रस्ता त्या मूठभर जिवांपुढे थांबला. तो रस्ता हवा की नको, हा वाद निराळा. पण महापालिकेला जी गोष्ट दाराशी थांबून विचारावी लागते, ती आपण बादलीत घालून जिन्यावरून नेतो!

‘म्हणजे हौसच करू नये म्हणा की!’ असे कुणी चिडून म्हणेल. मी तसे म्हणत नाही. पण या हौसेची जन्मकथा ऐकून ठेवावी. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्गवेडा माणूस होता. पुढल्याच वर्षी त्याचे या विषयावरचे पुस्तक आले आणि साऱ्या इंग्लंडला काचपेट्यांचे वेड लागले. लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली तळी ओरबाडून काढली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आत्मचरित्रात त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल हळहळ लिहून ठेवली. बापाच्या हौसेचा हिशेब मुलाने मांडला. आपली मुलेही कधीतरी मांडतील. आज मार्ग आहे. तामिळनाडूत मंडपम येथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात क्लाऊनमाशांची पैदास साधलेली आहे. असे पैदाशीचे मासे घ्यावेत. पण तो मासा नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगू शकतो, हे घेतानाच लक्षात ठेवावे. वीस वर्षांत माणूस किती बिऱ्हाडे करतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मी वीसेक वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे, आणि मला भीती वाटते ती माशांपेक्षा मुलांसाठी. ज्या माशाला मुलाने नाव ठेवले, ज्याला शाळेतून आल्या आल्या हाक मारली, तो मासा गॅलरीतल्या बादलीत उताणा तरंगताना त्याने पाहिला, की त्याला घरातला एक अलिखित नियम कळतो : ज्याला बोलता येत नाही, त्याची सोय सर्वांत शेवटी. हा नियम माशांपुरता राहत नाही. नवे घर लागेपर्यंत ‘दोन महिने तात्पुरते’ गावी पाठवलेले, आणि पुढे तिथेच विसरलेले आजोबा मी पाहिले आहेत. त्या घरची मुले बादलीपासूनच शिकली होती.

म्हणून म्हणतो, यंदा पाडव्याला ज्यांचे बिऱ्हाड हलायचे आहे, त्यांनी आपली यादी पुन्हा काढून पाहावी. टब, मीठ, पंप आणि विश्वासाचा एक शेजारी, ही चार नावे तीत आठवडाभर आधी चढली नसतील, तर पेटी आजच कुणा जाणत्याच्या घरी पोहोचवावी, आणि तीही जमत नसेल तर टेम्पोची तारीख पुढे ढकलावी. मुहूर्त पुन्हा सापडतो.