ईदचा रंग आणि भिंतीतली ओल



मुंब्र्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. दोन खोल्यांचा फ्लॅट, मिस्टर कुवेतला, घरात त्या, सासूबाई आणि दोन मुलं. आतल्या खोलीच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळी बुरशी धरते. दर वर्षी ईदच्या आधी रंगारी बोलावतात, तो पोपडे खरवडून पुट्टी भरतो, रंग मारतो. ईदला घर कसं लख्ख! जुलै उलटला की रंगातून पुन्हा काळे ठिपके वर. यंदा धाकट्याचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" आता या भगिनी विचारतात, आपा, कुठल्या कंपनीचा रंग लावू?

कुठलाच नको. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

बुरशीला जगायला ओल लागते, आणि खायला धूळ, लाकूड, कागद, कापड, रंगाचा थर, काहीही चालतं. तिचे बीजकण हवेत कायमचेच असतात, ते कुणाच्याच घरातून शंभर टक्के जात नाहीत. ओलं झालेलं कापड किंवा लाकूड एक-दोन दिवसांत वाळलं नाही, की ती धरायला लागते. तेव्हा भिंत ओली असेपर्यंत वरून काहीही लावा, ती परत येणार. दमेकऱ्याला, तान्ह्या बाळाला, म्हाताऱ्या माणसाला तिचा त्रास सगळ्यांत आधी होतो.

आणखी एक. भिंतीवर पांढरं पीठ सुटतं ती बुरशीच असते असं नाही. बऱ्याचदा तो खार असतो, विटा-सिमेंटातला क्षार पाण्याबरोबर वर आलेला. बोटाला पाणी लावून चोळा. विरघळला तर खार. तो छातीला तसा त्रास देत नाही, पण भिंतीत पाणी मुरतंय हे मात्र नक्की सांगतो.

ओल घरातलीच की बाहेरून आलेली, हे पाहायची साधी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दव खोलीकडच्या अंगाला धरलं तर ते घरातल्या हवेचं बाष्प. ते कमी करणं आपल्याच हातात आहे. पावसाळ्यात आपण काय करतो? खिडक्या बंद, आत दोरीवर धुतलेले कपडे, चुलीवर दमाची बिर्याणी, आणि भिंतीला चिकटवलेलं लोखंडी कपाट. कपाट चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावा, पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा. दव प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय.

या भगिनींच्या त्याच भिंतीवर, बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्याचं न्हाणीघर आहे. पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : वरचे म्हणतात, आमच्याकडे तर काही गळत नाही. ते खोटं बोलत नसतील. न्हाणी ट्रॅपचा सांधा सुटला किंवा टाइल्सच्या फटी उघडल्या, तर वरची फरशी कोरडीठाक दिसते आणि खाली ओल उतरते. म्हणून जिन्यात उभं राहून वाद घालू नका. त्यांना खाली बोलवा, चहा करा, भिंतीला हात लावून पाहू द्या. एखाद दिवस त्यांच्या न्हाणीघराचं तोंड बंद करून पाणी तुंबवून ठेवा आणि खाली ओल वाढते का ते दोन्ही घरांनी मिळून बघा. आंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर दोष सांडपाण्याच्या वाटेत. न्हाणीघर दिवसभर वापरलं नाही तरी भिंत तेवढीच ओली असेल, तर बहुधा नळाची पाइप. शेजाऱ्याच्या हकाबद्दल आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. तो हक वरच्यांचा आपल्यावर आहे तसा आपलाही त्यांच्यावर आहे, हे मात्र बायका पटकन विसरतात आणि भांडण नको म्हणून वर्षानुवर्षं ओल सोसतात.

खर्च कुणाचा? सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, सिंक, न्हाणी यांची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी आपसात. सेक्रेटरीला अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या मीटिंगला कुणाला आठवत नाही.

आता साफ करायचं. हाताएवढा डाग असेल तर घरी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ठोकताळा 10 चौरस फुटांचा आहे, म्हणजे अंदाजे तीन फूट बाय तीन फूट. त्याहून मोठा असेल, किंवा घरात दमेकरी असेल, तर जाणकार माणूसच बोलवावा. घरी करताना एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा. पंखा बंद. कोरडा झाडू किंवा ब्रश अजिबात फिरवू नका, सगळे कण खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, फडकी पिशवीत बांधून फेका. आणि कृपा करून ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे फक्त बुरशी काढणारे कारागीर क्वचितच मिळतात, हे काम वॉटरप्रूफिंगवालेच करतात. त्यांच्यात चांगला कोण, हे ओळखणं कठीण नाही. जो आला की शेड कार्ड उघडतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. जो ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावतो, वरच्या घरात जाऊन बघायचं म्हणतो, पाणी कुठून येतं ते सांगतो, त्याच्याशी बोला. काम असं व्हायला हवं : आधी गळती बंद, मग ओलं प्लास्टर विटेपर्यंत फोडणं, त्या वेळी खोलीच्या दाराला प्लास्टिकचा पडदा, डेब्रिज गोणीत बांधून त्याच दिवशी खाली. मग नवा गिलावा, त्याला आठवडाभर पाणी, आणि नंतर वाळायला वेळ. रंगाची घाई इथेच नडते. गिलावा महिनाभर तरी वाळू द्यावा, आणि यंत्राने कोरडा दाखवल्याशिवाय पुट्टी नाही. रमजान सध्या फेब्रुवारीच्या आसपास येतोय, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काम काढलंत तर ईदचा रंग आरामात बसतो. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. हमी रंगाची नको, गळतीची घ्या, आणि कागदावर.

"ठेकेदार म्हणतो, घरातल्या पुरुषाशी बोलायचंय," असंही पत्रात आहे. कुवेतला फोन जोडून देऊ नका. भिंत तुम्ही रोज बघता, कुठला डाग कधी वाढला हे तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच बोला.

शेवटी सासूबाईंच्या कुरआन शरीफबद्दल. जुजदानात बुरशी धरली म्हणून त्या रडल्या, असं लिहिलंय. माझ्या अम्मीच्या बाबतीतही हे झालं होतं, कोकणातलं घर पावसाळाभर बंद होतं तेव्हा. उन्हात टाकू नका, पानं ठिसूळ होतात, शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, मधूनमधून पानं उलटत पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर बाहेर ओट्यावर किंवा गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने एकेक पान हळूच झटका. जुजदान गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा, आणि आता तो ताक त्या भिंतीवर ठेवू नका. वाचण्यापलीकडे गेलेली पानं मशिदीत नेऊन द्या, इमामसाहेब अदबीने दफन करण्याची व्यवस्था सांगतील. अम्मीची अशी अकरा पानं निघाली होती, बाकीचा कुरआन शरीफ अजून तिलावतीत आहे.

काम चालेल तेवढे दिवस धाकट्याला आजोळी पाठवा. इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, भिंत कोरडी झाली तरी. आणि पुढच्या पावसाळ्यात प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून बघा, काय निघालं ते मला कळवा.